अक्का, गोळ्या बऱ्या की ऑपरेशन?

अक्का, परवा तुझा दहावा झाला. मी सकाळीच चुडाव्याला पोचले होते. येणारी प्रत्येक बाई मला बाजूला घेऊन एकच विचारत होती, त्याच आजारानं गेल्या का? मी प्रत्येकीला सांगत होते, नाही, हृदयानं गेल्या. दुपारचं जेवण झालं, अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या, सुनेला काहीतरी सांगून हसल्या आणि तशाच कलंडल्या. मायस्थेनियाचा त्यात काही संबंध नाही. हे मी इतकं ठासून सांगत होते की तुझा बालाजी शेवटी माझ्याकडे बघून जरासा हसला. चौदा वर्षं ज्या आजाराला तू वाकुल्या दाखवल्यास, त्याला तुझ्या मरणाचं श्रेय मिळू द्यायचं नाही, एवढंच माझ्या हातात उरलं होतं.

बालाजीचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते. "बाई, माय गेली," एवढंच बोलला. खरं सांगते अक्का, रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं की आता आपल्या वादाचं काय? नंतर माझी मलाच लाज वाटली. मग वाटलं, तुला हे कळलं असतं तर तू पोट धरून हसली असतीस.

आपली ओळख झाली ती नांदेडला, मज्जातंतूच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात. मी एकतीस वर्षांची, मानवतच्या शाळेत गणित शिकवणारी. दुपारनंतर माझा आवाज नाकातून यायला लागला होता, पोरं नक्कल करायची. फळ्यावर वरच्या ओळीपर्यंत हात जायचा नाही, चहा प्यायला की नाकातून परत यायचा. मी तोंडाला पदर लावून कोपऱ्यात बसले होते. तू एकोणपन्नासची, समोरच्या बाकावर, डाव्या पापणीला कागदी चिकटपट्टी लावून ती कपाळाला चिकटवलेली. मी बघतेय हे तुझ्या लक्षात आलं. "तुमचीबी पापणी पडायलीय का?" तू विचारलंस. मी मान हलवली. तू पिशवीतून चिकटपट्टीचं रीळ काढून माझ्यासमोर धरलंस. आजार सुरू झाल्यापासून मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले, आणि हसताना माझा चेहरा वेडावाकडा झाला, कारण गालाचे स्नायूही तेव्हा धड चालत नव्हते. तुझंही तसंच झालं. आपण दोघी एकमेकींचं ते तिरकं हसू बघून आणखी हसलो.

डॉक्टरांनी दोघींना एकाच दिवशी समजावलं. मेंदूचा निरोप मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येतो, पण शेवटच्या टोकाला तो स्नायूला पोचत नाही, शरीर स्वतःच आडवं येतं. मी वहीत लिहून घेत होते. तू म्हणालीस, "म्हंजे लाईट हाय, मोटारबी चांगली हाय, स्टार्टर धरंना." डॉक्टर खुर्चीत मागे रेलून तुझ्याकडे बघत राहिले. आता ते सगळ्या पेशंटना असंच सांगतात, तुझं नाव न घेता.

पुढं त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते, ती काढून टाकायची. खर्च एकदम येणार, फायदा हळूहळू, दोन-तीन वर्षांत दिसणार, आणि दिसेलच असं नाही. दुसरा, गोळ्या. एक दर चार तासांनी, जोडीला स्टेरॉइड, शिवाय प्रतिकारशक्ती दाबणारी आणखी एक. फायदा लवकर, पण गोळ्या कधी सुटतील सांगता येत नाही. मला त्यांनी ऑपरेशनच सुचवलं. तुला म्हणाले, तुमच्या वयाला दोन्ही चालेल, घरी विचार करा. तू घरी जाईपर्यंत थांबलीच नाहीस. "छाती मारुतीनं फाडली तेवढी बास झाली. मला गोळ्या द्या."

मी ऑपरेशन केलं. घरावर माडी चढवायला ठेवलेले पैसे त्यात गेले. आणि तिथून आपला वाद सुरू झाला.

दर तीन महिन्यांनी तपासणीला आपण एकाच गाडीनं जायचो. मी मानवत रोड स्टेशनला बसायची. चुडाव्याहून नांदेड म्हणजे जेमतेम अर्धा तास, तेवढ्यात भांडण पुरं व्हायचं नाही म्हणून तू आधी उलटी पूर्णेला यायचीस आणि तिथं माझ्या डब्यात चढायचीस. बालाजी चिडायचा, आजारी बाईनं उगीच एवढी दगदग कशाला करायची म्हणून. तू त्याला काय सांगायचीस ते मला कधी कळलं नाही. मला मात्र सांगायचीस की पूर्णेला भजी चांगली मिळतात.

मी गणिताची बाई, त्यामुळे पहिल्या फेरीत मीच जिंकेन असं मला वाटलं होतं. ऑपरेशनचा खर्च एकदाच, तुझ्या गोळ्या रोज, जन्मभर. कागदावर मांडून दाखवलं. तू कागद लांब धरून वाचलास आणि म्हणालीस की ह्यात अर्ध्या गोष्टी धरल्याच नाहीत. माझा नवरा तीन आठवडे दवाखान्याच्या पायरीवर झोपला, ते कुठंय? मी दोन महिने शाळेत गेले नाही, ते? आणि ऑपरेशन करूनसुद्धा गोळ्या चालूच आहेत की माझ्या. "टाकेबी पडले आन् गोळ्याबी सुटंनात. लय शहाणी."

मग लगेच स्वतःच्याच बाजूचं उणं तूच सांगायचीस, हे मला तुझं फार आवडायचं. स्टेरॉइडनं तुला साखर झाली, तिच्या गोळ्या वेगळ्या. तोंड सुजलं. दर काही महिन्यांनी रक्त तपासावं लागायचं. एका डोळ्यात मोतीबिंदू लवकर आला. हे सगळं गोळ्यांच्या खर्चात धर, असं तू मला बजावलंस. समोरच्याला फसवून जिंकण्यात तुला गंमत वाटायची नाही.

पण खरी गोष्ट तू नंतर काढलीस. खर्च कळला, पण त्या पैशात मिळालं काय? ते कसं मोजायचं? मी म्हणाले, रिपोर्टवरून. तू म्हणालीस, रिपोर्टला भाकरी चावता येती का? मग तू ठरवलंस की मोजायचे ते चांगले दिवस. तुझा चांगला दिवस म्हणजे तीन गोष्टी: ज्वारीची भाकरी मध्ये न थांबता खाता आली पाहिजे, केसांचा अंबाडा स्वतःच्या हातानं बांधता आला पाहिजे, आणि बांधावरून हाक मारली तर म्हशीनं मान वळवली पाहिजे. माझ्याही तीन ठरवायला लावल्यास: शेवटच्या तासापर्यंत आवाज, फळ्यावरची वरची ओळ, आणि चहा नाकातून न येणं. तिन्ही जमल्या तरच भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला हळदीचं बोट.

पहिल्या वर्षअखेरीला तू तुझं कॅलेंडर गुंडाळी करून गाडीत घेऊन आलीस. ते पिवळंधमक झालेलं. माझ्या कॅलेंडरवर मोजकीच बोटं. गोळ्यांनी तुला चार आठवड्यांत उभं केलं होतं आणि मी छातीवरची शिवण सांभाळत अजून वाट बघत होते. मी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. तू कॅलेंडर परत गुंडाळलंस, पिशवीत घातलंस आणि नांदेड येईपर्यंत नातवाच्या बारशाच्याच गोष्टी सांगत बसलीस. जिंकलेली असताना तू कधी बोलायची नाहीस.

दुसऱ्या वर्षी मी तुला गाठलं. तिसऱ्या वर्षी माझ्या गोळ्या निम्म्यावर आल्या, पाचव्या वर्षी एकच राहिली. आता मी कॅलेंडर घेऊन यायला लागले, आणि मी तुझ्याइतकी मोठ्या मनाची नव्हते, मी ते उलगडून दाखवायची. तू नीट बघायचीस, बोटं मोजायचीस, आणि मग एक दिवस म्हणालीस, "तुझ्याकडं भागायला वर्षं जास्त हायत, सरू. तू एकतीसला खर्च केलास, तो चाळीस वर्षांवर वाटला जाईल. मी पन्नाशीला केला असता तर कितीवर वाटायचा?" मी गणितात एम.एस्सी. केलेली बाई आणि तू चौथी शिकलेली. मी दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात सरासरी शिकवताना तेच उदाहरण घेतलं.

मग सहाव्या वर्षाचा हिवाळा आला. तुला ताप आला, कुणीतरी गावात मिळालं ते अँटिबायोटिक आणून दिलं. आपल्या आजारात काही अँटिबायोटिक चालत नाहीत, हे आणणाऱ्याला माहीत नव्हतं आणि तुला विचारायचं सुचलं नाही. दोन दिवसांत तुझा श्वास अडला. बालाजीनं तुला नांदेडला नेलं, तिथं नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. महागडी इंजेक्शनं पाच दिवस चालली. त्या पाच दिवसांचा खर्च माझ्या सगळ्या ऑपरेशनपेक्षा जास्त झाला. वर्षभर साठवलेली हळद बालाजीनं भाव पडलेला असताना विकली.

मी आयसीयूत आले तेव्हा तुझ्या तोंडात नळी होती आणि उशाला पाटी-पेन्सिल ठेवलेली. मी खर्चाबद्दल एक शब्द काढला नव्हता. तू पाटी ओढलीस आणि वाकड्या अक्षरांत लिहिलंस, 'हे धरू नको.' नर्सला वाटलं तू सलाईनबद्दल बोलतेस. मला बरोबर कळलं. गोळ्यांच्या बाजूला हा खर्च लावू नकोस, ही चूक औषधाची आहे, माझ्या निवडीची नाही.

तिथं मी हसायला हवं होतं. मी घाबरले होते, आणि घाबरले की मला राग येतो. मी म्हणाले, "तेव्हाच ऑपरेशन केलं असतंस तर इथं पडली नसतीस." तू डोळे मिटलेस. पापणी पडली की तू मिटलीस, मला आजही नक्की सांगता येत नाही. शिवाय मी बोलले ते खरंही नव्हतं. ऑपरेशन झालेल्यांनाही असा अटॅक येतो, डॉक्टरांनी मला स्वतः सांगितलेलं. मी ते वाक्य कधी परत घेतलं नाही. तू बरी होऊन पुन्हा पूर्णेला डब्यात चढलीस, भज्यांचा पुडा माझ्या मांडीवर ठेवलास, त्यामुळे मला वाटलं की मिटलं. पण तुझ्याकडून मिटलं होतं, माझ्याकडून राहिलंच. आज इथं परत घेते.

त्या आजारपणातून उठल्यावर तू पहिलं काम काय केलंस, तर मला बसवून एका कागदावर आपल्याला न चालणाऱ्या औषधांची नावं मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून घेतलीस. डॉक्टरांकडून तपासून आणलीस. मग त्याच्या प्रती काढून चुडावा, पूर्णा, मानवत इथल्या औषधांच्या दुकानांत स्वतः फिरून चिकटवल्यास. एक दुकानदार नको म्हणाला. तू त्याच्या काउंटरपुढं खुर्ची टाकून बसलीस आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तुझ्या नळीची गोष्ट सांगायला लागलीस. चौथ्या गिऱ्हाइकानंतर त्यानंच तुला चिकटपट्टी आणून दिली.

हळूहळू डॉक्टर नव्या पेशंटच्या घरच्यांना आपल्याशी बोलायला सांगू लागले. त्यातूनच दोन वर्षांपूर्वी आपण जिंतूरला गेलो, अश्विनीच्या घरी. चोवीस वर्षांची पोर, लग्नाला वर्ष झालेलं, पापण्या पडलेल्या, घास तोंडातच राहणारा. तिला ऑपरेशन सांगितलं होतं. तिचे सासरे कापसाच्या व्यवहारातले, सरळ माणूस पण प्रत्येक गोष्टीला भाव विचारणारे. एसटीत मी तुला दोनदा बजावलं होतं की तिथं आपलं भांडण काढायचं नाही. माझी खात्रीच होती, तू गोळ्यांची बाजू घेणार.

सासऱ्यांनी चहा पाजला आणि सरळ विचारलं, दोन्हीत स्वस्त काय पडतं? मी कागद काढायला पिशवीत हात घातला. तू माझा हात धरलास.

"तुमी स्वस्त इचारायलाव, ते बराबर हाय. पण कुणाला, ते आधी बघा," तू म्हणालीस. मग तू त्यांना समजावलंस. माझं वय झालं होतं, मला गोळ्या पुरल्या, मी पस्तावले नाही. ही पोर चोवीसची आहे. हिला पोरंबाळं व्हायचीत, तेव्हा ह्यातल्या काही गोळ्या चालत नाहीत. हिच्यापुढं पन्नास वर्षं आहेत, आज केलेला खर्च तेवढ्या वर्षांना पुरेल. ऑपरेशनाआधी गोळ्यांनी ताकद भरू द्या, घाई करू नका, पण करा.

सासरे म्हणाले, एवढं कळत होतं तर तुम्ही स्वतः का नाही केलंत? पन्नाशी म्हणजे काही फार वय नाही.

तू माझ्याकडे बघितलंस, मग त्यांच्याकडे.

"मी भ्याले," तू म्हणालीस. "हिसाब मी नंतर मांडला. आधी भ्याले. छाती उघडणार म्हणल्यावर घरी जाऊन इचार न करता गोळ्या मागितल्या. ह्या बाईशी बारा वर्षं भांडले, पण हे हिला कधी सांगितलं न्हाई."

अश्विनी आतल्या दाराशी उभी होती. ती पहिल्यांदाच बाहेर आली आणि तुझ्याजवळ बसली. तिलाही भीती वाटत होती, आणि त्या घरात तोवर फक्त खर्चाचंच बोलणं झालं होतं. तू तिला काय काय सांगितलंस ते मला नीट ऐकू आलं नाही, पण ती मध्येच हसली, आणि तिचं हसणंही आपल्यासारखंच तिरकं होतं. चार महिन्यांनी तिचं ऑपरेशन झालं. तू आयसीयूच्या बाहेर बसून होतीस.

पण मला सांगायचंय ते परतीच्या एसटीबद्दल. जिंतूर ते परभणी तू खिडकीशी बसलीस आणि एक शब्द बोलली नाहीस. तू वाट बघत होतीस, हे मला तेव्हाही कळत होतं. तू एवढं मोठं कबूल केलंस, आता माझी पाळी होती. आणि मी काय केलं? मी मनातल्या मनात जिंकल्याचा आनंद साजरा करत होते. बारा वर्षांनी गोळ्यांची बाजू घेणाऱ्या अक्कानं ऑपरेशन सुचवलं. परभणीच्या स्टँडवर तुला उसाचा रस पाजला, आणि तू पुढच्या गाडीनं गेलीस.

मी तेव्हा काय सांगायला हवं होतं ते आता सांगते. मीही हिशेब करून ऑपरेशन केलं नव्हतं, अक्का. मला गोळ्यांची भीती वाटली. आयुष्यभर चार तासांनी घड्याळ बघायचं, आपण आजारी आहोत हे दिवसातून सहा वेळा आठवायचं, हे मला सोसणार नाही असं वाटलं. कापून टाकलं की आजार नावाची गोष्टच संपली, अशा वेड्या आशेनं मी त्या टेबलावर झोपले. तू चाकूला भ्यालीस, मी गोळीला भ्याले. मग दोघींनी बारा वर्षं आपल्या भीतीला आकडे लावले. आकडे खोटे नव्हते. पण सुरुवात तिथून नव्हती. तू हे ओळखलं असशीलच, तरी माझ्या तोंडून ऐकायचा तुझा हक्क होता.

आता तुला एक ताजी बातमी देते. अश्विनीला सातवा महिना आहे. तिच्या सासऱ्यांनी तुझ्या दहाव्याला स्वतः येऊन मला सांगितलं, आणि एवढ्या माणसांत त्यांना हसावं की रडावं कळेना. तुझ्या गोळ्यांनी तुला चौदा वर्षं चांगली दिली, माझ्या ऑपरेशननं मला दिली, आणि तिचं आत्ता सुरू झालंय. आपला वाद मिटला का, ते मला माहीत नाही. मिटू नये असंही वाटतं.

आणि एक. काल संध्याकाळी एका बाईचा फोन आला. पूर्णा तालुक्यातली, नवरा ट्रॅक्टर चालवतो, वय बेचाळीस. नवऱ्याला तोच आजार, तेच दोन रस्ते. तिनं विचारलं, ऑपरेशन बरं की गोळ्या? माझ्या ओठांवर खर्च, वय, वर्षं, सगळं आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, त्यांनाच फोन द्या. तो आला. मी विचारलं, तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? तो म्हणाला, रोज गोळ्या खाताना पोरांनी बघावं ह्याची. मी म्हणाले, "मलाबी तशीच वाटली होती." तुला जे सांगायचं राहिलं ते मी मोठ्यानं पहिल्यांदा बोलले ते त्याच्याजवळ, ज्याचं तोंडही मी बघितलेलं नाही. मग मी त्याला तुझं सगळं सांगितलं. चिकटपट्टी, म्हैस, पाटी, जिंतूर. फोनवर तो अर्धा तास होता. शेवटी त्याचा आवाज थकून नाकातून यायला लागला, तरी तो हसत होता.

ठेवताना म्हणाला, "बाई, त्या अक्काचा नंबर द्या की. त्यांच्यासंगंबी बोलतो."

मी म्हणाले, "तूर्त माझ्याच नंबरावर करत जा."

तुझीच,
सरू